दिगूभाऊची बुलेट मंचेरियलला पोचवताना

मंचेरियलला जाऊन आलो म्हटल्यावर शाळेच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांनी एकच विचारलं, "तिथं बघण्यासारखं आहे काय?" कोळसा आहे, रेल्वे स्टेशन आहे आणि पौषातसुद्धा दुपारी घाम येतो. एवढ्यासाठी तीन शहाणी माणसं छातीशी वर्तमानपत्राच्या घड्या खुपसून, कानाला मफलर बांधून, मोटारसायकलीवर दिवसभर जातील यावर कुणाचा विश्वास बसेना. तिघांतला शहाणा कोण, हेही एकाने विचारलं. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. ज्यांना जायचं असेल त्यांना रस्त्याचा उपयोग होईल, आणि ज्यांना जायचं नसेल त्यांना निदान कळेल की माणूस गणित शिकवत असला तरी स्वतःच्या आयुष्यात पाव फेरीचा हिशेब चुकू शकतो.

आधी आम्ही तिघं कोण ते सांगतो. मी आदिलाबादच्या मराठी शाळेत मास्तर. माझी गाडी दोन स्ट्रोकची, धूर भरपूर आणि धाव बेताची. राजन्ना तहसील कचेरीत कारकून. तेलुगू माणूस, पण मराठी आमच्याकडून उचललेलं, हिंदी बाजारातून आणि उर्दू निजामाच्या वेळच्या फायलींमधून. त्याची गाडी त्याच्यासारखीच, वेळेवर सुटणारी. आणि तिसरा दिगूभाऊ, जैनथचा कापूसवाला, आमच्यापेक्षा पंधरा वर्षांनी वडील. त्याच्याकडे काळी बुलेट होती. जैनथहून ती निघाली की आदिलाबादच्या वेशीवर मला आवाज ओळखू यायचा आणि मी आंघोळ आवरायचो.

ऐंशीच्या दशकातली ही शेवटची वर्षं. जवळजवळ दर रविवारी आम्ही निघायचो. कधी पैनगंगेच्या काठापर्यंत, कधी कुंटाल्याच्या धबधब्यापर्यंत, पण खरं कारण वाटेतला चहा आणि मिरचीची भजी. या फिरण्यात आमचा एक खेळ होता. चहाला थांबलं की कुणीतरी लघवीचं निमित्त करून बाहेर जायचं आणि दुसऱ्याच्या गाडीचा पेट्रोलचा कॉक बंद करून यायचं. टाकीखाली डाव्या बाजूला छोटी दांडी असते. ती उभी असली की पेट्रोल चालू, आडवी केली की बंद. मौज अशी की कॉक बंद असला तरी गाडी सुरू होते, नळीत आणि कार्बोरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर अर्धा-पाऊण किलोमीटर ऐटीत जाते आणि मग भर रस्त्यात मान टाकते. ज्याची गाडी बंद पडेल त्याने पुढच्या थांब्यापर्यंत सगळ्यांच्या मागून, धुरात गाडी हाकायची. त्याने फक्त "गाडी थकली" एवढंच म्हणायचं. आणि कॉक कुणी बंद केला, ते कधीही कबूल करायचं नाही. आमच्या मंडळाचा हा एकच कायदा होता आणि तो आम्ही सरकारी कायद्यांपेक्षा नीट पाळला.

या कलेत दिगूभाऊचा हात धरणारा कुणी नव्हता. स्वतःच्या गाडीचा कॉक मात्र तो रात्री घरी लावतानाही बंद करत नसे. "बंद करायले तुमच्यासारखे लोकं हायेत ना," म्हणायचा.

तर झालं असं, की दसऱ्यानंतर एकदा किक मारताना दिगूभाऊचा पाय घसरला आणि गुडघ्याने दगा दिला. महिनाभर घरी बसला. बुलेटला किक मारणं म्हणजे आडमुठ्या बैलाला उठवणं, ते दुखऱ्या गुडघ्याचं काम नव्हे. वहिनींनी त्याच्याकडून गाडी विकण्याचा शब्द घेतला. मंचेरियलच्या आपल्या मावसभावाकडून गिऱ्हाईकही शोधलं, खाणीत काम करणारा मल्लेशम म्हणून कुणी. बोलणी पत्राने उरकली. आता गाडी नेऊन दाखवायची, त्याने चालवून बघायची, पसंत पडली तर तिथंच ठेवून यायची.

निघायच्या आदल्या दिवशी वहिनींनी मला बाजूला घेतलं. "भाऊजी, तुमी संगं जा. नाई तं हे रस्त्यातूनच वापस येतीन. गाडी इकल्याबिगर आनू नका त्यायले."

मी मान हलवली. ही मान हलवणारा माणूस किती लबाड आहे ते त्या माउलीला माहीत नव्हतं. मी त्याच क्षणी ठरवलं होतं की बुलेट विकली जाऊ द्यायची नाही. एकदा ती गेली की दिगूभाऊला जैनथहून बसने यावं लागणार, आणि रविवारी बसने भजी खायला कुणी येत नाही. मग मी आणि राजन्ना दोघंच उरणार. राजन्ना चांगला माणूस आहे, पण त्याच्याबरोबर दोन तास बसलं की आपण दरखास्त घेऊन आलो आहोत असं वाटू लागतं.

नेरडीगोंडा

जवळचा रस्ता उटनूरवरून जातो. दिगूभाऊ म्हणाला, "लांबच्यानं जाऊ. नेरडीगोंडा, निर्मल, मंग खानापूर." का, ते आम्ही विचारलं नाही.

सकाळी थंडी अशी होती की बोटं ब्रेकवर आहेत की नाहीत ते बघून खात्री करावी लागत होती. कापसाने फुगलेल्या बैलगाड्या आदिलाबादच्या बाजाराकडे येत होत्या आणि आम्ही उलट्या दिशेने. गाडीवानांच्या मिशांवर कापूस आणि दव दोन्ही होतं. नेरडीगोंड्याला नेहमीच्या हॉटेलात थांबलो. हॉटेल म्हणजे चार बाकडी, एक कढई आणि आम्हाला बघून मिरच्या चिरायला घेणारा मालक. भज्यांबरोबर तो कच्चा कांदा आणि लिंबू देतो. राजन्ना ज्या वेगाने त्या मिरच्या खातो तो बघून आम्हा वऱ्हाडी जिभेच्या माणसांनाही पाणी प्यावंसं वाटतं.

"गाडीचा कागद मी लिहिनार," राजन्ना खाता खाता म्हणाला. "बयनामा. दोन गवाह, तारीख, वक्त, सगळं. कच्चा काम नक्को."

"लिव्ह बाबा," दिगूभाऊ म्हणाला. "माह्यं नाव नीट लिव्ह म्हंजे झालं."

एवढं बोलून तो हात धुवायला बाहेर गेला. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

घाट

नेरडीगोंड्यापुढे निर्मलकडे उतरणारा घाट आहे. दोन्ही बाजूंना सागवान, पानं झडत आलेली, मधूनच एखादं लाल तोंडाचं माकड कठड्यावर साहेबासारखं बसलेलं. घाट उतरताना पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची, ही आमच्याकडची रीत आहे. मीही सोडली. गार वारा, वळणं, खाली दिसणारी हिरवी शेतं. माझी गाडी इतकी शांत कधीच चालली नव्हती. नवं ऑइल मानवलं म्हणून मी मनातल्या मनात दुकानदाराला दुवा दिला. घाटाच्या पायथ्याशी सपाटी लागली, गियर टाकला, तेव्हा कळलं की इंजीन बहुधा पहिल्या वळणालाच मेलं होतं आणि मी सगळा घाट सायकलवर उतरलो होतो.

खाली वाकून पाहिलं. कॉक आडवा.

दिगूभाऊ पुढे जाऊन बुलेट लावून उभा होता. "काऊन थांबली, मास्तर?"

"गाडी थकली," मी म्हणालो.

"घाट उतरूनच थकली? मंग चढतानी काय करन?" आणि मला धुरात घालून तो निघाला. त्याचा गुडघा दुखत असेल, पण पाठ मात्र त्या दिवशी ताठ होती. ती पाठ बघत मी निर्मलपर्यंत आलो आणि माझा बेत तिथंच शिजला. दिगूभाऊचंच शस्त्र वापरायचं. मल्लेशम गाडी चालवून बघायला निघाला की त्याच्याआधी कॉक आडवा करायचा. अर्ध्या किलोमीटरवर बुलेट मान टाकेल, गिऱ्हाईक ढकलत परत येईल आणि सौदा मोडेल. कबूल तर करायचंच नसतं. कायदा माझ्या बाजूने होता.

निर्मलच्या पुढे

निर्मलमध्ये लाकडी खेळणी करणारे कारागीर आहेत. हलक्या लाकडाची हरणं, मोसंबी, वाघ, आणि रंग असा की मोसंबं सोलावंसं वाटतं. दिगूभाऊने दुकानात अर्धा तास काढला आणि काही घेतलं नाही. पुढे खानापूरच्या रस्त्याला तो दर दहा मिनिटांनी थांबत होता. "गाडी गरम झाली," म्हणायचा. मी हात लावून बघितला, गाडी माझ्या कपाळापेक्षा गार होती. मग तो बांधावर बसून तिच्याकडे बघायचा आणि राजन्ना घड्याळाकडे.

इथून मुलूख बदलतो. आमची काळी जमीन, कापसाची पऱ्हाटी आणि जवारी मागे राहते आणि कालव्याचं पाणी, भाताची खाचरं सुरू होतात. ऐन थंडीत बाया गुडघाभर पाण्यात ओळीने वाकून रोवणी करत होत्या. राजन्नाची छाती फुगली. "देखो मास्टर, सोन्यासारखी जमीन."

"पान्यात उभं राहून शेती करनं म्हंजे बदकाचं काम," दिगूभाऊ म्हणाला.

"और तुमी ते बदकाचा भात खाते ना?"

"खातो. पन बदकाले सांगत नाई."

त्यावर एक बाई कंबर सरळ करून आमच्याकडे बघून तेलुगूत काहीतरी म्हणाली आणि सगळ्या ओळीने हसल्या. राजन्नाने भाषांतर करायला नकार दिला, त्यावरून ते आमच्याबद्दलच असावं.

मंचेरियल

संध्याकाळी पोचलो. हवेला कोळशाचा वास आणि रस्त्यावर कामावरून सुटलेल्या माणसांच्या सायकलींची रांग. मल्लेशम दारातच उभा होता. तिशीतला, रुंद हाडाचा, नखांच्या कडांना काळी रेघ जी साबणाने जात नाही. त्याने आधी बुलेटला नमस्कार केला आणि मग आम्हाला. मला तो आवडला, आणि तिथंच मला जरा अवघड वाटू लागलं.

तिकडची पद्धत म्हणजे पाहुणा आला की आधी पाय धुवायला पाणी, मग पाट, मग भात. आमच्याकडे भाकरी, भाजी, ठेचा आणि शेवटाला भाताची मूठभर आठवण. तिथं पहिला भात वरणासारख्या पप्पूबरोबर येतो. त्यावर तूप, अंबाडीची चटणी. मी दिवसभराचा भुकेला, दोनदा मागून घेतला आणि तृप्त होऊन बसलो. मग दुसरा भात आला, चिंचेच्या आंबट साराबरोबर. तो कसाबसा संपवला तर तिसरा आला, दह्याबरोबर. मल्लेशमची आई समोर बसून "तिनंडी, तिनंडी" म्हणत होती, म्हणजे खा, खा. राजन्नाने शहाण्यासारखे पोटाचे तीन भाग केले होते. दिगूभाऊने माझ्या कानात सांगितलं, "मास्तर, उद्या तुमच्या वजनानं तुमच्याच गाडीचं टायर पंक्चर होते." मात्र त्याचं स्वतःचं पान बराच वेळ तसंच होतं.

सकाळी उठलो तर दिगूभाऊ माझ्याआधी अंगणात. बुलेटपाशी उकिडवा बसून कापडाने टाकी पुसत होता. टाकीखाली, नळीपाशी, स्पोकांच्या मधून, जिथं कुणी कधी बघत नाही तिथंही. मला भरून आलं. म्हटलं, मास्तर, आता मागे हटायचं नाही.

मल्लेशमची आई आरतीचं ताट घेऊन आली. दोन्ही चाकांखाली लिंबं ठेवली गेली. सगळ्यांचं लक्ष लिंबांकडे आहे हे बघून मी बुटाची नाडी बांधायच्या मिषाने बुलेटच्या डाव्या अंगाला खाली बसलो. वर बघत, आरतीला नमस्कार केल्यासारखा एक हात कपाळाशी नेत, दुसऱ्या हाताने चाचपून कॉकची दांडी पाव फेरी फिरवली. बघायची गरज नव्हती. दिगूभाऊचा कॉक जन्मभर उभाच असतो, पाव फिरला की आडवा.

मल्लेशमने किक मारली. पहिल्या किकला गाडी सुरू झाली. लिंबं फुटली आणि तो स्टेशनच्या दिशेने गेला.

मी मनात मोजत होतो. काल येताना बघितलेली पाण्याची टाकी आली असेल, आता देऊळ, आता फुरफुरणार. धक धक धक आवाज लांब गेला आणि चालूच राहिला. लांब जात जात नाहीसा झाला. मग बराच वेळ काही नाही, आणि माझ्या जिवात जीव आला. पडली बंद. मी दिगूभाऊकडे बघितलं. तोही रस्त्याकडे टक लावून होता, मान थोडी तिरपी, आवाज शोधत असल्यासारखी. तेवढ्यात दुसऱ्या गल्लीतून तोच धक धक परत आला. अख्खं गाव फिरून मल्लेशम अंगणात शिरला, सगळे दात दाखवत.

"गाडी मक्खन है, अन्ना."

दिगूभाऊच्या तोंडाचा आ मिटायला वेळ लागला. मी ते दुःख समजलो. माझ्या स्वतःच्या तोंडाचं काय झालं होतं ते मला दिसत नव्हतं.

राजन्नाने बयनामा लिहिला. "मौजे जैनथ, तालुके आदिलाबाद, येथील साकीन" अशी सुरुवात करून त्याने दोन पानं भरली, त्यात गाडीपेक्षा तहसीलच जास्त होती. सह्या झाल्या. मग दिगूभाऊ मल्लेशमला गाडीशी घेऊन गेला आणि आपल्या हिंदीत समजावू लागला. "ये मीटर का काटा है ना, इसको बीच में आने देना. फिर हँडल का ये लिव्हर दबाना, फिर किक मारना. जबरदस्ती नहीं करना, रूठती है." चावीला वहिनींनी बांधलेला काळा दोरा होता. तो त्याने सोडला, परत बांधला आणि चावी दिली. जाता जाता वळून म्हणाला, "और चाय को रुके तो दोस्त लोगों पे नजर रखना."

मल्लेशमला ते कळलं नाही. तो आदराने हो म्हणाला.

परतीला

दिगूभाऊ माझ्या मागे बसला. माझ्या गाडीला एवढ्या मोठ्या माणसाची सवय नव्हती, ती घुसमटल्यासारखी चालत होती. पहिले काही मैल तो बोलत होता. "मास्तर, गाडी चालून राह्यली का उभी हाय? ते म्हैस आपल्या पुढं गेली." मग खाचरं गेली, निर्मल गेलं, तो कुठंच थांबवेना. त्याचं ते न थांबवणं मला फार टोचलं. घाट चढताना मी पहिल्या गियरवर होतो आणि त्याचा दुखरा गुडघा माझ्या मांडीला लागत होता.

नेरडीगोंड्याला तेच हॉटेल, तीच बाकडी. मालकाने बाहेर डोकावून विचारलं, "काली गाडी कहाँ?" राजन्नाने नुसते तीन चहा सांगितले आणि तो मिरच्या चिरायला लागला.

भजी समोर आली तेव्हा दिगूभाऊ म्हणाला, "एक गोष्ट समजून नाई राह्यली. आपला कायदा मोडतो, पन सांगतो. मी कॉक बंद केला होता."

"कुणाचा?" मी विचारलं.

"माह्याच गाडीचा. सकाळी पुसतानी. तुमच्या वहिनीले मी शब्द देऊन बसलो, मले नाई म्हनता येत नव्हतं. म्हटलं, गाडीनंच नाई म्हनावं. अर्ध्या रस्त्यात बसली असती तं मल्लेशमच म्हनला असता, नको." त्याने भजं उचललं आणि परत ठेवलं. "मंग ते चालली कशी, मास्तर? पेट्रोल तं बंद होतं."

माझ्या तोंडात मिरची होती आणि ती तशीच राहिली. आडव्या कॉकला पाव फेरी दिली तर काय होतं, हे मी सातवीच्या पोरांनाही फळ्यावर काढून दाखवलं असतं. खाली फिरवा, चालू. वर फिरवा, रिझर्व्ह. पेट्रोल दोन्हीकडून येतंच. त्याने बंद केलेला कॉक मी उघडून दिला होता.

मी सांगितलं. नाडी, आरती, कपाळाला लावलेला हात, सगळं.

राजन्नाने दोघांकडे पाळीपाळीने बघितलं. "म्हंजे दो गवाह के सामने तुमीच दोघांनी सौदा पक्का केला," तो म्हणाला. मग त्याला हसू आलं, ते त्याने चहाच्या कपात लपवलं.

दिगूभाऊ हसला नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. उठला, "हात धुतो," म्हणाला आणि लंगडत बाहेर गेला. मी भज्यांकडे बघत बसलो. मला मनापासून लाज वाटली. मित्राची गाडी वाचवायला गेलो आणि त्याने स्वतः वाचवलेली घालवून बसलो. उद्या वहिनी म्हणतील, भाऊजी, तुमच्यामुळं इकली. आणि ते शब्दशः खरं असेल. चहा निवला. बाहेरून दिगूभाऊची हाक आली, "चाला, मास्तर, अंधार पडते."

निघालो. राजन्ना पुढे गेला. मागे दिगूभाऊ, त्याचा एक हात माझ्या खांद्यावर. गावातली शेवटची घरं मागे पडली, दोन्ही बाजूंना सागवान सुरू झाला, आणि गाडी फुरफुरली, दोन आचके दिले आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिली.

मी खाली वाकलो. कॉक आडवा होता.

दिगूभाऊ मागच्या सीटवर हात मांडीवर ठेवून, झाडांच्या शेंड्यांकडे बघत बसला होता.

"काऊन थांबली, मास्तर?"

"गाडी थकली," मी म्हणालो.

"थकनारच," तो म्हणाला. "आता दर रविवारी दोघायले ओढा लागन तिले."